कुठून तुटेल ते आधी ठरवलं, मग खेळणं केलं

कुत्र्याचं चावायचं खेळणं तुटणारच. जे दाताला अजिबात दाद देत नाही, ते शेवटी दातच तोडतं. वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना चौथी उपदाढ असते, कुत्र्याची मुख्य कातरणारी दाढ. कडक हाड, शिंग किंवा टणक नायलॉन तिच्याखाली आलं की तिचा बाहेरचा पापुद्रा उभा सोलून निघतो आणि आतली नस उघडी पडते. कुत्रं मात्र जेवत राहतं, त्यामुळे घरच्यांना कित्येक दिवस पत्ताच लागत नाही. म्हणून जळगावात असं खेळणं बनवायचं काम हाती घेतलं तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहिले: हे कुठून तुटेल, तुकडा केवढा निघेल, आणि तो गिळला गेला तर दिसेल कसा. पुढची सगळी मापं या तीन प्रश्नांतून निघाली.

गरज उन्हाळ्याने दाखवून दिली. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो. सकाळी नऊनंतर डांबरी रस्त्यावर कुत्र्याचा पंजा टेकवत नाही आणि दिवेलागणीशिवाय त्याला बाहेर काढता येत नाही. म्हणजे नऊ-दहा तास ते घरात, कूलरसमोर. तरण्या लॅब्रॅडॉरला एवढा वेळ नुसतं पडून राहणं जमत नाही. मग चपला, सोफ्याचा कोपरा, कूलरच्या जाळीतलं गवत, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कूलरची वायर. पिल्लांचं तर विचारूच नका. दुधाचे २८ दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत कायमचे ४२ येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात, दिसेल ते तोंडात जातं.

‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द आम्ही साध्या अर्थाने घेतला. कुत्र्याने काही केलं की खेळण्याने त्याला उत्तर दिलं पाहिजे. ढकललं तर वेडंवाकडं लोळावं, दाबलं तर आतला वास बाहेर यावा, उलटं केलं तर दाणा पडावा. बॅटरी, दिवा, आवाजाची चिप यातलं काहीही घालायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरलं. बटणासारखी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर काही तासांत तिथे भाजल्यासारखी जखम होते. आत घालायची प्लास्टिकची पिपाणीसुद्धा बाद केली, कारण फाडणारं कुत्रं सगळ्यात आधी तीच शोधून काढतं.

आपल्याकडे कुत्र्याला चावायला जे दिलं जातं, ते एकेक करून पाहिलं. सायकलची ट्यूब लांब पट्ट्यांत फाटते आणि पट्टी तशीच्या तशी गिळली जाते. टायरच्या कडेत पोलादी तार असते. मटणाची शिजवलेली नळी टोकदार तुकड्यांत फुटते, आणि नळीचं गोल कडं खालच्या जबड्यावर चढून सुळ्यांच्या मागे असं अडकतं की दवाखान्यात नेऊन कापावं लागतं. जुनी चप्पल दिली तर नवी कोणती आणि जुनी कोणती हे कुत्र्याला कळत नाही. खानदेश कापसाचा मुलूख, त्यामुळे सुती दोरीची गाठ हा सगळ्यांत सहज सुचणारा पर्याय. तोच सर्वांत फसवा आहे. धागे सुटतात, गिळले जातात, एक टोक वर कुठेतरी अडकतं आणि बाकीचा धागा पुढे सरकत राहतो. पायजम्याची नाडी ओढल्यावर नेफा चुण्या घेत जातो, तसं आतडं गोळा होतं आणि ताणलेला धागा त्याला आतून कापतो. दोरी माणसाच्या हातात असेल, ओढाओढीचा खेळ दोघं मिळून खेळत असतील, तेवढ्यापुरती ठीक. कुत्र्याजवळ सोडून जायची वस्तू ती नव्हे. केळीच्या खोडाचा धागा जळगावात सहज मिळतो. पण तो आणखी ताठ आणि लांब, धोका तोच. तोही सोडला.

जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया विणणारे कारखाने आहेत, पाइपवाले आहेत, पुनर्वापराचा दाणा स्वस्तात मिळतो. मोह होतो. पण पुनर्वापराच्या दाण्यात आधीच्या जन्मी कोणता रंग होता, कोणती भरीची पूड (फिलर) होती, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पायाखाली अंथरायच्या वस्तूला ते चालेल. जी वस्तू रोज तास-दीड तास लाळेत भिजणार, तिला चालणार नाही. त्यामुळे नैसर्गिक रबर घ्यायचं ठरलं, तेही नवं, केरळहून येणारं फिक्या रंगाचं. अमेरिकेतल्या जो मार्कहॅम यांनी १९७६ साली ज्या खेळण्यावर कंपनी उभी केली, त्याची कल्पना त्यांच्या फ्रिट्झ नावाच्या जर्मन शेफर्डने दिली होती. फोक्सवॅगन गाडीच्या सस्पेन्शनचा रबरी भाग तो कुत्रा चघळत बसायचा. दाबलं की दबायचं आणि सोडलं की परत जागेवर यायचं, हेच त्या भागाचं काम. दाताला नेमकं तेच हवं असतं.

तोंडाचं माप

माप घेताना नुसतं वजन पुरत नाही. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याचा जबडा लांब आणि निमुळता असतो, तेवढ्याच वजनाच्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याचा आखूड आणि रुंद. शिंप्याच्या टेपने दोन मापं घ्यायची: सुळ्यांच्या लगेच मागे थोबाडाचा घेर, आणि नाकाच्या टोकापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंतची लांबी. खेळण्याची सर्वांत जाड जागा मागच्या दाढांच्याही मागे सरकताच कामा नये. ती घशाकडे गेली की कुत्र्याला ती जिभेने पुढे ढकलता येत नाही, लाळेने निसरडी झालेली वस्तू आणखी आत जाते. शंका आली तर एक आकार मोठा घ्यायचा. मोठं खेळणं फार तर कंटाळा आणेल, लहान जीव घेईल.

चावण्याची तऱ्हा हे दुसरं माप. काही कुत्री चाटतात, काही पुढच्या लहान दातांनी कडा कुरतडतात, काही पंजाखाली धरून बाजूच्या दाढांनी कापतात आणि मान झटकून फाडतात, काही तुकडा सुटला रे सुटला की गिळतात. पंधरा मिनिटं शांतपणे पाहिलं की कळतं. डिझाइन नेहमी फाडणाऱ्या आणि गिळणाऱ्यासाठी करायचं. चाटणाऱ्याला ते आपोआप चालतं.

१२ ते २५ किलोच्या कुत्र्यासाठी जे माप शेवटी पक्कं झालं ते असं: उंची १०० मिलिमीटर, सर्वांत जाड जागी व्यास ६८, आतली पोकळी ३८ व्यासाची आणि ८० खोल, बाजूची भिंत १५. वरचं तोंड २५ मिलिमीटर. आकार अंड्यासारखा, पण तळाशी किंचित एका बाजूला कललेला. त्यामुळे ते सरळ लोळत नाही, उडी कुठे घेईल हे कुत्र्याला सांगता येत नाही, आणि उभं केलं तर डुलत राहतं.

भोकांबद्दल कुणाचंही ऐकून तडजोड करू नका. पोकळ खेळण्याला एकच भोक असेल तर चाटताना आणि दाबताना आतली हवा निघून जाते, जीभ आत ओढली जाते, तिला सूज येते आणि मग ती बाहेर निघत नाही. अशा अपघातात जीभ कापावी लागलेली कुत्री आहेत. म्हणून हवा आत शिरायला तोंडाशिवाय वेगळी वाट हवीच. आम्ही तळाशी ८ मिलिमीटरची दोन भोकं ठेवली, एक अन्नाने बुजलं तरी दुसरं उघडं राहावं म्हणून. तपासायची रीत सोपी आहे: तोंडावर ओला अंगठा घट्ट धरायचा, खेळणं दाबायचं आणि सोडायचं. अंगठा जराही ओढला गेला तर डिझाइन नापास.

आतल्या भिंतीवर तीन बुटक्या कडा आहेत, दाणा अडवायला. बाहेर पडायचं तोंड दाण्याच्या सर्वांत लांब मापाच्या दीडपट असेल तर दाणे भराभर पडतात. त्यात कड आडवी आली की पाच-सहा वेळा लोळवावं लागतं. पहिला दाणा मात्र वीस सेकंदांच्या आत पडला पाहिजे. नाही पडला तर नवखं कुत्रं खेळणं सोडून देतं किंवा रागाने फाडायला घेतं. म्हणून नव्या कुत्र्याला पहिले तीन-चार दिवस सुटे, लहान दाणे भरून द्यायचे आणि मग हळूहळू अवघड करत न्यायचं. कडा ठरवताना एक साधी अट कायम ठेवली: बाळाच्या बाटलीचा ब्रश आत सगळीकडे पोचला पाहिजे. तीन कडांऐवजी पाच असत्या तर कोडं आणखी रंगलं असतं, पण त्यांच्या खाचेत दही राहिलं असतं आणि मे महिन्यात दुसऱ्या दिवशी त्याचा वास सुटला असता.

थ्रीडी प्रिंटर इथे कामाला आला तो फक्त माणसाच्या हातासाठी. पीएलए या कडक प्लास्टिकचा नमुना छापून आकार, लोळणं, ब्रशची पोच हे सगळं टेबलावर तपासता येतं. तो कुत्र्याला कधीही द्यायचा नाही, काचेसारख्या धारदार चिपा निघतात. टीपीयू या रबरासारख्या प्लास्टिकचा लवचीक नमुनाही बाद, कारण नेहमी मिळणारा ९५ शोअर ए चा (शोअर ए हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं टणक) धागा दातासाठी फार टणक आहे आणि थर एकमेकांपासून सुटतात. कुत्र्याच्या तोंडात जाणारा पहिला नमुना अॅल्युमिनियमच्या साध्या, एका खणाच्या साच्यातून खऱ्या रबराचाच काढला.

कंपाउंड आणि प्रेस

मधल्या आकाराचं कंपाउंड, म्हणजे रबर आणि त्यात मिसळायच्या पदार्थांचं मिश्रण, आम्ही असं बसवलं. १०० भाग रबराला २२ भाग प्रेसिपिटेटेड सिलिका, १५ भाग बेरियम सल्फेट, ३ झिंक ऑक्साइड, दीड स्टिअरिक अॅसिड, दीड पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल), १ डाग न पाडणारं फिनॉलिक अँटिऑक्सिडंट, २ रंगाचा मास्टरबॅच, १.६ गंधक आणि १.२ सीबीएस, म्हणजे गंधकाचं काम वेगाने करून घेणारा अॅक्सिलरेटर. कडकपणा ५५ ते ६० शोअर ए च्या दरम्यान येतो. पिल्लांसाठी सिलिका कमी करून ३५-४० वर आणायचा, दणकट जबड्याच्या कुत्र्यासाठी ६५-७० पर्यंत न्यायचा. त्यापुढे नाही. मीटर नसेल तर अंगठ्याचं नख जोरात दाबून पाहावं. खळगा पडला पाहिजे.

यातलं बेरियम सल्फेट मुद्दाम आहे. साधं रबर एक्स-रेमध्ये नीट दिसत नाही, त्यामुळे उलट्या करणाऱ्या कुत्र्याच्या पोटात तुकडा आहे की नाही हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं. बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही, शरीरात शोषलं जात नाही, आणि फिल्मवर पांढरं उठून दिसतं. पहिल्या पानावरच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. पीईजी का, तर सिलिका अॅक्सिलरेटरला स्वतःकडे ओढून धरते आणि माल कच्चा राहतो. पीईजी तिची भूक भागवतं. काही ठिकाणी क्युअर (उष्णतेत गंधकाने रबर पक्कं होणं) लवकर व्हावा म्हणून टीएमटीडी हा दुसरा अॅक्सिलरेटर घालतात. प्रेसचा वेळ वाचतो हे खरं, पण त्यापासून नायट्रोसअमाइन तयार होतात आणि ती कर्करोगाशी जोडलेली आहेत. तोंडात जाणाऱ्या वस्तूत ते नकोच.

लहान मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. कुत्र्यांची खेळणी त्या आदेशात येत नाहीत. म्हणून मुलांच्याच मानकाची, आयएस ९८७३ च्या तिसऱ्या भागाची मर्यादा धरली: सुटणारं शिसं किलोमागे ९० मिलिग्रॅमच्या आत, कॅडमियम ७५ च्या आत. रंगाची प्रत्येक नवी बॅच आधी प्रयोगशाळेत जाते. रंग दोनच, पिवळा आणि निळा. कुत्र्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत; हिरवळीवरचं लाल खेळणं त्याच्या डोळ्यांना मळकट गवतासारखंच दिसतं. आपल्या काळ्या मातीत पिवळा सर्वांत लवकर सापडतो, मळ्यातल्या कुत्र्यांसाठी तोच द्यावा.

मिक्सिंग दोन रोलच्या मिलवर होतं. आधी रबर एकटंच फिरवून मऊ करायचं, मग सिलिका थोडी थोडी, शेवटी कंपाउंड थंड करून गंधक आणि सीबीएस. इथे खानदेशचा उन्हाळा आडवा येतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ठेवलेलं तयार कंपाउंड प्रेसमध्ये जायच्या आधीच क्युअर व्हायला लागतं. हाताला दाणेदार लागतं, साच्यात पूर्ण वाहत नाही आणि मालावर घड्या उमटतात. असं कंपाउंड परत मिलवर घालून सुधारत नाही, टाकूनच द्यावं लागतं. एप्रिल ते जूनमध्ये गंधक घालायचं काम पहाटे करायचं आणि तो माल दोन दिवसांत संपवायचा. पावसाळ्यात दुखणं उलटं: उघड्या पोत्यातली सिलिका ओल धरते आणि प्रेसमध्ये त्या ओलीची वाफ होऊन भिंतीत बुडबुडे राहतात. वरून माल गुळगुळीत, कापला की आत जाळी.

एका नगाचं वजन साधारण २१० ग्रॅम, साच्यात गोळा ठेवायचा २१७-२१८ ग्रॅमचा. कमी पडला तर खालचा गोल भरत नाही, फार जास्त झाला तर साचा पूर्ण मिटत नाही आणि जोडाची रेघ जाड होते. तापमान १४५ अंश, वेळ २२ ते २५ मिनिटं, सुरुवातीला दोन-तीनदा प्रेस किंचित उघडून अडकलेली हवा सोडायची. घाई म्हणून १६५-१७० ला दहा मिनिटांत काढला, तर बाहेरचं रबर जास्त शिजून उलटं चिकट आणि मऊ व्हायला लागतं आणि १५ मिलिमीटर भिंतीचं पोट कच्चं राहतं. मधेच वीज गेली तर तो नग बाद धरायचा. पुन्हा तापवून वेळ पुरा केला तरी आतला भाग एकसारखा होत नाही, आणि नेमका असाच नग महिनाभरात थरावर सुटतो.

सर्वांत जास्त माल वाया गेला तो साच्यातून काढताना. साच्याचा पोकळी घडवणारा ३८ मिलिमीटरचा गाभा २५ च्या तोंडातून ओढून काढायचा असतो, म्हणजे गरम रबर दीडपट ताणलं जातं, आणि गरम रबर थंडपेक्षा खूप सहज फाटतं. प्रेसवरचा कामगार पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता: “भाऊ, तोंडजवळ फाटी राहिना.” म्हणजे तोंडाजवळ फाटतंय. ओढायचा जोर कमी-जास्त करून पाहिला, फरक पडला नाही. कारण तोंडाची आतली कड चौकोनी होती आणि ताण तिथेच साठत होता. तिथे ४ मिलिमीटरची गोलाई दिली आणि गाभ्याच्या टोकाशी हवेची नळी आणली. हवा सोडली की रबर फुगून गाभ्यापासून सुटतं आणि हलक्या हाताने निघतं. साच्याला सिलिकॉनचा स्प्रे न मारता साबणाचं पातळ पाणी लावतो, नंतर धुऊन जातं.

साच्याची जोडरेघ कुठे येते याकडे बहुतेक जण फ्लॅश, म्हणजे जोडातून बाहेर आलेलं जादा रबर, कापायच्या सोयीने बघतात. कुरतडणारं कुत्रं तीच रेघ शोधतं. पुढचे लहान दात अर्ध्या मिलिमीटरच्या उंचवट्यावरही बसतात, आणि एकदा नख शिरावं तसा दात शिरला की तिथून सोलणं सुरू होतं. आमच्या पहिल्या साच्यात रेघ उभी, थेट तोंडाच्या कडेतून गेली होती. दुसऱ्या साच्यात ती आडवी करून सर्वांत जाड भागावर आणली, जिथे जबडा पूर्ण उघडला तरी पुढच्या दातांना नीट पकड मिळत नाही. साचा जास्त महाग पडला आणि गाभा बसवणं किचकट झालं, पण संपूर्ण कामात एवढ्या एका बदलाने जितका फरक पडला तितका दुसऱ्या कशानेच नाही. रबर थंड झाल्यावर दीड ते दोन टक्के आकसतं, तेही साच्याच्या मापात आधीच वाढवून घ्यायचं. १०० मिलिमीटर हवे असतील तर साच्यात १०१.८.

निघालेला माल धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं उकळून, दोनदा खळबळून, ७० अंशांच्या ओव्हनमध्ये चार तास ठेवतो. याने रबराचा उग्र वास बराच उतरतो. माणसाला न जाणवणारा वाससुद्धा कुत्र्याला नकोसा होऊ शकतो. आठ-पंधरा दिवसांनी पृष्ठभागावर पांढरी भुकटी आली तर लोक बुरशी समजतात. ते बहुतेक वेळा गंधक जास्त झाल्याचं लक्षण असतं, आणि चूक कंपाउंडच्या काट्यावर शोधायची.

सराफाचा काटा

चाचणीला जे यंत्र कामी आलं ते जळगावात गल्लीगल्लीत आहे: सोनं तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. खेळणं धुऊन, पुसून, चोवीस तास वाळवून तोलायचं. रबर थोडं पाणी धरून ठेवतं, ओलं तोललं तर आकडा फसवतो. मग वीस मिनिटं कुत्र्याला द्यायचं, समोर बसून. नजर हटवायची नाही. परत धुऊन, वाळवून तोलायचं. ०.२ ग्रॅमपर्यंतची घट म्हणजे वरवरची झीज, ती चालते. एक ग्रॅमच्या वर गेली तर फरशीवरचे तुकडे गोळा करून तोलायचे. घट आणि तुकड्यांचं वजन जुळलं नाही तर उरलेलं पोटात गेलं, हा हिशेब आहे. वहीत कुत्र्याचं वय, वजन, चावण्याची तऱ्हा, खेळण्याची बॅच आणि दातांच्या खुणा कुठे आहेत त्याचं छोटं चित्र, एवढं प्रत्येक ओळीत असतं.

खुणा बारकाईने पाहिल्या तर खूप सांगतात. गोल, उथळ खळगे म्हणजे दाढांनी दाबलं आणि रबराने परत ढकललं, ठीक आहे. एका रेषेत समांतर चिरा म्हणजे दाढ कात्रीसारखी चालली. कडकपणा कमी पडतोय किंवा भिंत पातळ आहे. तोंडाच्या कडेवर मक्याच्या कणसावरचे दाणे खाल्ल्यासारखा भाग दिसला तर कुरतडणारं कुत्रं आहे आणि ते खेळणं आता काढून घ्यायचं. सिलिकॉनचे नमुनेही याच पद्धतीने पाहिले. चाटण्यापुरते छान, पण सिलिकॉनला एकदा चीर पडली की ती झिपसारखी पुढे धावते.

भरायला काय घालायचं, याचं उत्तर खानदेशी घरात आयतं आहे. पिकलेलं केळं कुस्करून त्यात बिनसाखरेचं दही, किंवा उकडलेलं डांगर (लाल भोपळा), किंवा ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा अंड्याच्या बलकात. २० किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण ९०० ते १००० कॅलरी लागतात. वरखाऊ त्याच्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे एका केळ्याएवढं. पोकळीत ५५-६० ग्रॅम मावतं, त्यामुळे हिशेब आपोआप जमतो. ग्लासात उभं ठेवून चार-पाच तास फ्रीझरमध्ये ठेवलं की दुपारचा तास-दीड तास शांत जातो. नैसर्गिक रबर उणे १८ अंशांतही लवचीक राहतं, दाताला दगड लागत नाही.

भरताचं वांगं भाजलं म्हणून त्यातला घास आत घालू नका. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, काळ्या मसाल्याची शेवभाजी तर दूरच. मनुका, द्राक्षं, चॉकलेट वर्ज्य. बाजारातल्या पीनट बटरच्या डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं असेल तर ते कुत्र्यासाठी विष आहे. घरचे शेंगदाणे भाजून, मीठ-गूळ न घालता वाटले तर चालतात, पण काळपट आणि बुरशी लागलेले दाणे निवडून फेकायचे. त्या बुरशीचं विष कुत्र्याच्या यकृतावर जातं.

तेलकट पदार्थ भरले तर खेळणं त्याच दिवशी धुवायला हवं. नैसर्गिक रबर तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. शेंगदाण्याचं वाटण रोज आणि धुणं आठवड्यातून एकदा, असं झालं की तोंडाची कड आधी चिकट लागते, मग दाताखाली लोण्यासारखी कापली जाते. गच्चीवर उन्हात वाळत टाकणंही तसंच: ऊन आणि हवेतला ओझोन मिळून ताणलेल्या जागी बारीक भेगा पाडतात. सावलीत, तोंड खाली करून वाळवावं.

परत आलेलं प्रत्येक खेळणं आम्ही ओल्या पात्याने उभं चिरतो आणि भेग कुठून सुरू झाली ते भिंगाने बघतो. पहिल्या फेरीत ती आतल्या कडांच्या मुळाशी सापडत होती. तिथली गोलाई १ मिलिमीटर होती, ती ३ केली आणि ती भेग थांबली. आता येणारे नग तोंडाच्या कडेवरून जातात, वरून चार-पाच मिलिमीटरच्या बोथट चुऱ्यात, आणि ठरवली होती ती जागा हीच: मालकाला दिसणारी, बोटाने चाचपता येणारी, लहान तुकड्यांत झिजणारी. कडेवर दोन मिलिमीटर उंचीची एक रेघ कोरली आहे. ती नाहीशी झाली की खेळणं टाकून द्यायचं, असं पाकिटातल्या चिठ्ठीवर छापलंय. पोलादी साच्याच्या नव्या ड्रॉइंगवर ती रेघ थोडी खाली घेतली आहे आणि कडेची गोलाई ४ ऐवजी ५ मिलिमीटर आहे. बाकी मापं तीच.